अल्फा कणांचं स्कॅटरिंग (आदळून विखुरणं): फ्रेम बदलताना या चुका टाळा

सोन्याच्या पत्र्यावर आदळणारे अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रकं) शिकता शिकता आपल्याला एक वाईट सवय लागते. सोन्याचं केंद्रक इतकं जड, की लॅब फ्रेम (लक्ष्य स्थिर धरून बघणं) आणि वस्तुमान-केंद्राची फ्रेम (दोन्ही कणांचं सामाईक वस्तुमान-केंद्र स्थिर धरून बघणं) जवळजवळ एकच. ऊर्जेतला फरक जेमतेम २ टक्के. फ्रेमचा विचारच सुटतो. लक्ष्य हेलियमचं घेतलं, की ही सवय अंगाशी येते.

पहिली चूक ऊर्जेची. कोणत्या कोनात किती कण वळतील हे सांगणाऱ्या रदरफर्डच्या सूत्रात सापेक्ष गतीची, म्हणजे वस्तुमान-केंद्राच्या फ्रेममधली, ऊर्जा लागते. ५ एमईव्हीचा (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) अल्फा स्थिर हेलियमवर आला, तर २.५ घालायचे, ५ घातले तर उत्तर पाव होतं. दुसरी कोनाची: वस्तुमानं सारखी असतील तर लॅबमधले ४५ अंश म्हणजे सूत्रातले ९०. तिसरी चूक सर्वांत जास्त होते. कोन बदलला जातो, घन कोन (डिटेक्टर व्यापतो तो त्रिमितीतला कोन) मात्र तसाच राहतो. सारख्या वस्तुमानांसाठी उत्तराला लॅब कोनाच्या कोसाइनच्या चौपटीने गुणावं लागतं. ४५ अंशांवर २.८३ ने.

आता गंमत बघा. या तिन्ही चुका एकदम केल्या, तर ४५ अंशांवर उत्तर फक्त ३ टक्क्यांनी चुकतं! चुका एकमेकींना झाकतात. मग कोणी एकटी ऊर्जा सुधारतो, उत्तर चौपट फुगतं आणि तो बिचारा बरोबर केलेली दुरुस्ती मागे घेतो. म्हणून एकाच कोनावर तपासू नका. ८० अंशांवर हेच चुकीचं गणित जवळपास दुप्पट उत्तर देतं. शिवाय दोन कोनांच्या मधे येणारे कण मोजा. ती संख्या दोन्ही फ्रेममध्ये सारखीच यायला हवी.

डिटेक्टरवर ५ एमईव्हीचीच खिडकी (तेवढ्याच ऊर्जेचे कण मोजायची अट) लावून बसू नका. लॅबमध्ये ४५ अंशांना वळलेल्या अल्फाकडे निम्मीच ऊर्जा उरते.

लक्ष्य अल्फापेक्षा हलकं असेल तर लॅब कोनाला कमाल मर्यादा असते (इलेक्ट्रॉनवर आदळलेला अल्फा ०.००८ अंशांहून जास्त वळत नाही) आणि त्याआतल्या प्रत्येक लॅब कोनामागे वस्तुमान-केंद्राचे दोन कोन असतात. दोन्ही धरा.

एवढं करूनही हेलियमचं मोजमाप ४५ अंशांवर सूत्राच्या चौपट आलं, तर फ्रेमला दोष देऊ नका. उडालेलं हेलियम केंद्रकही डिटेक्टरला अल्फाच वाटतं, म्हणून दुप्पट. आणि दोघं तंतोतंत सारखे असल्याने क्वांटम व्यतिकरणामुळे (दोघांच्या लाटा एकमेकींत मिसळल्याने) आणखी दुप्पट. भौतिकशास्त्रज्ञ मॉटने हे १९३० मध्ये मांडलं आणि भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकने त्याच वर्षी हेलियममध्ये मोजून दाखवलं.