खाणीतला मिथेन किती, हिशोब कसा काढायचा

आपल्या कोल्हापुरात कोळशाची खाण नाही, ती तिकडं चंद्रपूरला, पण पोरं एन्व्हायर्नमेंटच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यायला लागल्यात आणि आकड्यांत अडकायलेत, म्हणून लिहितोय भावांनो. गोठ्यामागच्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच हा मिथेन, कोळशात दबून बसलेला, खोदलं की सुटतो.

आधी खोली बघा. आयपीसीसी म्हणजे युनोची हवामान बदलावरची समिती, तिच्या २००६ च्या गाइडलाइनमध्ये भूमिगत खाण २०० मीटरपेक्षा कमी खोल असेल तर कोळशाच्या टनाला १० घनमीटर मिथेन, ४०० पेक्षा जास्त खोल असेल तर २५, मधल्याला १८. वर काढल्यावरही कोळसा गॅस सोडतोच, मधल्याला त्याचे २.५ मिळवा, हे बरेच जण विसरतात. समजा खोली ३०० मीटर, वर्षाला १ लाख टन कोळसा, तर २०.५ लाख घनमीटर, गुणिले ०.६७ किलो (एका घनमीटर मिथेनचं वजन), म्हणजे साधारण १,३७३ टन मिथेन. पकडून वापरलेला गॅस यातनं वजा करा.

पण मोजलेला आकडा मिळत असेल तर तोच घ्या, माझं ऐका. आपल्याकडं खाणींना गॅसप्रमाणं डिग्री असते, डिग्री १ म्हणजे टनाला जास्तीत जास्त १ घनमीटर, तिथं १८ लावला की उत्तर कैक पटीनं फुगतं. मोजायचं असं: खाणीतनं बाहेर जाणारी हवा सेकंदाला १०० घनमीटर आणि तिच्यात मिथेन ०.२ टक्के असेल तर दिवसाला १७,२८० घनमीटर, म्हणजे साडेअकरा टन. एकाच दिवसाच्या रीडिंगवर वर्ष काढू नका, वेगवेगळ्या महिन्यांची सरासरी घ्या.