हॉर्मोन ब्लॉकर: सॉल्टचं शेपूट वाचा

सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या पुस्तकांत हॉर्मोनला 'संप्रेरक' म्हणतात. शब्द नेमका आहे. अर्नेस्ट स्टार्लिंगने १९०५ साली लंडनच्या व्याख्यानांत 'हॉर्मोन' हा शब्द वापरला, तो 'चालना देणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरकातही तीच प्रेरणा आहे. घोळ होतो तो 'ब्लॉकर'पाशी. कारण या नावाखाली तीन निरनिराळी कामं खपतात: संप्रेरकाला पेशीच्या दारात अडवणं, ते तयारच होऊ न देणं, किंवा मेंदूतून येणारा हुकूम थांबवणं.

यातलं कोणतं, ते कळायला ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि पट्टीवरचं सॉल्ट, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं नाव, पाहा. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला 'सॉल्ट काय?' विचारलंत तर तो तेच वाचून दाखवील. लक्ष शेवटच्या अक्षरांवर हवं.

'ल्युटामाइड' (उदा. बायकॅल्युटामाइड) म्हणजे दारात अडवणारं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनतच राहतं, त्याला पेशीत शिरकाव नसतो. नुसती हीच गोळी चालू असताना रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं नाही, म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नये.

'ट्रोझोल' (लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल) इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवणारं एन्झाइम बंद पाडतं. इथे पूर्ण 'ट्रोझोल' वाचा. इट्राकोनॅझोल बुरशीवरचं, ओमेप्राझोल अ‍ॅसिडिटीवरचं. नुसता 'झोल' पाहिलात तर खरंच झोल होईल.

'रेलिन' आणि 'रेलिक्स' ही मेंदूतून हुकूम पाठवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करणारी इंजेक्शनं. रेलिक्स थेट अडवतं. रेलिन मात्र आधी पिट्युटरीला सतत डिवचतं आणि मग ती दाद देईनाशी होते. त्यामुळे प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, हाडांचं दुखणं बळावू शकतं. म्हणून डॉक्टर सुरुवातीला सोबत ल्युटामाइडची गोळी देतात. इंजेक्शन आहेच, असं म्हणून ती परस्पर बंद करू नका. एक अडचण: ल्युप्रोरेलिनच्या खोक्यावर बहुधा 'ल्युप्रोलाइड' छापलेलं असतं, शेपूट गायब. औषध तेच.

स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनला तर ब्लॉकर म्हणणंही अर्धवट आहे. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवतं, गर्भाशयात मात्र स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. पाळी कायमची गेल्यावर ते चालू असताना थोडासाही रक्तस्राव दिसला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.