मुलांना फुटबॉल शिकवताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षांच्या मुलांचा सराव एकदा घड्याळ लावून बघा. २० मुलं, एक रांग, समोर सहा कोन (प्लॅस्टिकचे शंकू). एकेक जण बॉल घेऊन नागमोडी जाऊन येतो, साधारण १५ सेकंद. म्हणजे पाळी परत यायला ५ मिनिटं. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या पायाशी बॉल असतो जेमतेम दीड मिनिट, आणि मग आपणच पालकांना सांगतो, "कंट्रोल कच्चा आहे."

रांग मोडा. बॉल कमी असतील तर आठ-एक मीटरचे चार चौकोन आखा. प्रत्येकात चौघं कडेला पास देणारे, एक मध्ये बॉल हिसकावणारा. ज्याच्याकडून बॉल जाईल तो मध्ये. २० मुलं कामाला लागतात, बॉल लागतात फक्त चार. शिवाय समोर कुणीतरी बॉल हिसकावायला येतं. कोन कधी पाय घालत नाही, म्हणून कोनांतला हिरो मॅचमध्ये चाचपडतो.

दुसरी चूक साइडलाइनवरची. "पास दे! मार! अरे लवकर!" हे सतत कानावर पडलं की बॉल मिळताच मूल आधी सरांकडे बघतं, मग सोबत्याकडे. खेळ चालू असताना गप्प राहणं आपल्याला जड जातं, पण राहा. खेळ थांबला की एकच विचारा, "बॉल यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?" बहुतेकांना सांगता येत नाही. पास देणाऱ्याकडे तोंड करून ते सरळ उभे असतात, जवळच्या पायाने बॉल थांबवतात आणि वळेपर्यंत डिफेंडर अंगावर येतो.

फर्स्ट टच, म्हणजे आलेल्या बॉलला होणारा पहिला स्पर्श, सुधारायचा तर सुरुवात मानेपासून करा. बॉल निघायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं, अंग तिरकं ठेवायचं आणि जागा असेल तर लांबच्या पायावर बॉल घेऊन तसंच पुढे निघायचं. सराव सोपा आहे: तुम्ही मुलाच्या मागे उभे राहून बोटं दाखवा, बॉल पायात यायच्या आत त्याने आकडा ओरडायचा. डिफेंडर पाठीला चिकटला असेल तर मात्र वळायचं नाही, अंग आड घालून बॉल राखायचा.

मोठं मैदान हीसुद्धा चूकच. २४ फूट रुंद, ८ फूट उंच गोलमध्ये दहा वर्षांचा कीपर काय करणार? डोक्यावरून मारलेला प्रत्येक बॉल गोल होतो. मग सर थोराड मुलाला पुढे ठेवतात आणि बाकीचे त्याच्याकडे लांब बॉल मारत बसतात. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांत ईर्षा आहे, तिथलं शाहू स्टेडियम त्यावरच भरतं. पण ती १२ वर्षांखालच्या संघात उतरली की हाच थोराड मुलगा ट्रॉफी आणतो आणि चपळ, लहानखुरा पोरगा बेंचवर कुजतो. काही वर्षांत बाकीचेही वाढले की थोराडाकडे दाखवायला काही उरत नाही. इंग्लंडमध्ये मुलं ५, ७, ९ अशा छोट्या संघांतून चढत ११ जणांच्या खेळात येतात. आपणही मैदान अर्धं करावं, गोल लहान ठेवावा आणि बॉल ४ नंबरचा घ्यावा. ५ नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅम भरतो, तो या वयाचा नाही.

हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारायचा, सराव या वयात नकोच. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी तो थांबवायला सांगितलं.

आणि चुकलं की मैदानाला फेऱ्या? पुढच्या वेळी मुलगा ड्रिबल करायलाच (बॉल पायाशी ठेवून पुढे न्यायला) धजत नाही, आला बॉल की बाहेर मारून मोकळा होतो.