भाड्याचं घर ते पुण्याची नोकरी : कागद-पेन घेऊन निर्णय कसा घ्यावा

भाड्याचं घर बघायला गेलं की मोठा हॉल आणि नवा रंग आधी डोळ्यांत भरतो. पाणी किती दिवसांआड येतं हे विचारायचं राहून जातं, आणि सोलापुरात नेमकं तेच आधी विचारायला हवं. म्हणून कशाला किती महत्त्व द्यायचं, हे पहिलं घर बघायच्या आधी कागदावर उतरवा. घरं बघून झाल्यावर ठरवायला बसलात, तर आवडलेल्या घराला सोयीचे पडतील असेच निकष सुचतात.

प्रश्न नेमका लिहा. ‘चांगलं घर कुठं मिळेल?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘१५ मेपर्यंत, चौघांसाठी, ९,००० रुपयांच्या आत कुठलं घर घ्यायचं?’ या प्रश्नाला आहे. तारीख, माणसं आणि पैसा, तिन्ही त्यात आलं पाहिजे.

मग चाळणी लावा. ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा दोन-तीन अटीच लिहा. आठ-दहा लिहिल्यात तर एकही घर उरणार नाही. पाण्याची अट आकड्यात मांडा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मानक धरतात. म्हणजे चौघांना रोज ५४० लिटर. तुमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी येत असेल, तर साठवण २,७०० लिटरची हवी. खाली २,००० लिटरचा हौद आणि गच्चीवर १,००० लिटरची टाकी असेल तर भागतं. मात्र हौद दोन बिऱ्हाडांत सामायिक आहे का, हे विचारा. घर चाळणीतून गळतं ते बहुतेक वेळा इथंच.

उरलेल्या घरांचा तक्ता करा. समजा, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि दोन घरं उरली आहेत: एक जुळे सोलापुरात, एक अक्कलकोट रोडला. निकषांत एकूण १० वजन वाटा: पाणी ४, कामाचं अंतर ३, भाडं २, हवा-उजेड १. मग प्रत्येक घराला निकषागणिक १ ते ५ गुण द्या. ५ कशाला आणि १ कशाला, तेही आधीच लिहा. उदाहरणार्थ, अंतर २ किलोमीटरच्या आत असेल तर ५, १० च्या पुढे १.

जुळे सोलापूर: पाणी ४, अंतर २, भाडं ३, हवा ५.
(४×४) + (३×२) + (२×३) + (१×५) = ३३

अक्कलकोट रोड: पाणी ३, अंतर ५, भाडं ४, हवा २.
(४×३) + (३×५) + (२×४) + (१×२) = ३७

इथं हमखास होणारी चूक म्हणजे जास्त भाड्याला जास्त गुण देणं. आपल्याला जे सोयीचं, त्यालाच जास्त गुण. भाडं कमी तर गुण जास्त. दुसरी चूक अशी की नवरा-बायको एकत्र बसून गुण देतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण कागदावर येतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत, मगच ताडून बघावेत. जिथं दोन गुणांहून जास्त फरक पडेल, तिथंच बोलणं व्हायला हवं.

निकाल हलवून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण तक्त्याचा खरा उपयोग इथंच होतो. पाण्याचं वजन ४ वरून ५ करा आणि अंतराचं ३ वरून २. आता दोन्ही घरं ३५ वर येतात. एवढ्याशा बदलानं निकाल डळमळतो, याचा अर्थ तक्त्यानं घर निवडलेलं नाही. काय तपासायचं ते मात्र सांगितलंय. पाणी यायच्या दिवशी दोन्हीकडे जा, नळाला धार किती वेळ टिकते ते बघा, शेजाऱ्यांना विचारा आणि पाण्याचे गुण नव्यानं द्या. नावडतं घर पुढं आलं म्हणून वजनं बदलत बसू नका. एखादा निकष लिहायचा राहिला असेल, तर तो मात्र जरूर घाला.

हो-नाही अशा प्रश्नाला, म्हणजे पुण्याची नोकरी धरावी की नाही अशा वेळी, तक्ता लागत नाही. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ साली इंग्लंडचे शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांना पत्रातून सांगितलेली रीत पुरते. कागदाच्या मधोमध रेघ मारा. एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरुद्धची. एका बैठकीत संपवू नका. तीन-चार दिवस जसं सुचेल तसं लिहीत जा, कारण आई-वडिलांकडे कोण बघणार हे पहिल्या संध्याकाळी सुचेलच असं नाही. मग तोलामोलाची कारणं जोडीनं खोडा. वाढलेला पगार हा पुण्याचं भाडं आणि दर आठवड्याचा अडीचशे किलोमीटरचा प्रवास, या दोन्हींच्या तोडीचा वाटला तर तिन्ही खोडा. शेवटी जिकडे कारणं उरतील, तो कौल. त्यानंतरही एक-दोन दिवस थांबा.

कूलर की एसी, याला तर नुसता गुणाकार पुरतो. २०० वॅटचा कूलर १० तास चालला की २ युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी १ युनिट खातो असं धरलं, तर १० युनिट. रोजच्या ८ युनिटच्या फरकाला तुमच्या बिलावरच्या दरानं आणि उन्हाळ्याच्या दिवसांनी गुणा. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असल्यानं कूलर छान गार करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तितकं जमत नाही. पण कूलरला पाणी लागतं. दिवसाला ५० लिटर धरलं तर पाच दिवसांचे २५० लिटर वाढतात, म्हणजे वरच्या उदाहरणातली साठवण २,७०० ऐवजी २,९५० लिटरची हवी. कूलर घेणार असाल तर हा आकडा चाळणीतच घाला.