परत कामावर लागताना पीएफ-पेन्शनच्या या चुका टाळा

उद्यमबागेतली फौंड्री सोडायची, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत चार-सहा वर्षं काढायची आणि घराच्या ओढीनं परत बेळगावात यायचं, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. जुन्या मालकानं परत घेतलं की नोकरी पूर्वीचीच पुढं चालू झाली, असं माणूस धरून चालतो. पीएफ-पेन्शनचं तसं नसतं.

सगळ्यांत महाग चूक नोकरी सोडतानाच होते. गेल्या महिन्यात मच्छेचे एक मोल्डर काका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. आधीची ७ वर्षं, परतल्यावरची ६. "तेरा झाली की ओ!" कागद चाळताना १०सी फॉर्मची, म्हणजे पेन्शनचे पैसे काढायच्या अर्जाची, झेरॉक्स हाती लागली. मुलीच्या लग्नात पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढलेले. म्हणजे ती ७ वर्षं गेली. पेन्शनला निदान १० लागतात, काकांचं वय ५५ आणि ५८ पर्यंत होणार ९. पैसे काढले नसते तर १६ वर्षं भरली असती: पेन्शनसाठी धरलेला पगार १५,०००, गुणिले १६ वर्षं, भागिले ७० (हे सूत्रच आहे), म्हणजे महिन्याला सुमारे ३,४२८ रुपये. ते बराच वेळ ती झेरॉक्सच बघत बसले. माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, अडचणीला पीएफ काढा, पण पेन्शनला हात लावू नका. त्याच १०सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या झालेल्या वर्षांचा दाखला, मागता येतं. परत लागल्यावर ते नव्या मालकामार्फत जमा केलं की जुनी वर्षं जोडली जातात. आणखी एक फटका: पैसे काढून झाल्यावर बेसिक आणि डीए मिळून १५,००० च्या वर पगारावर लागलात, तर पेन्शन योजनेत परत घेतच नाहीत. १ सप्टेंबर २०१४ पासून हा नियम आहे.

परत लागताना फॉर्म ११, म्हणजे आधीच्या पीएफची माहिती द्यायचा फॉर्म, दुसऱ्याला भरू देऊ नका. "आधी सभासद होतो" यावर खूण करून जुनाच १२ अंकी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) लिहा. पीएफ केंद्राचा आहे, कोल्हापुरातला नंबर इथं चालतो. जुन्या नोकरीतला पीएफ नवीकडं घेताना ट्रान्सफर अडकला असेल तर बहुतेक वेळा नोकरी सोडल्याची तारीख चढलेली नसते. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. नावही बघा. शाळेच्या मराठी दाखल्यावर आडनाव शेवटी आणि आधारवर आधी असेल, तर आधी तेवढं जुळवून घ्या.

वय ५८ झाल्यावर परत बोलावलं असेल, तर मालकाच्या हिश्श्यातला पेन्शनचा ८.३३ टक्के वाटा वेगळा काढायचा नसतो, तो पीएफमध्येच जायला हवा. पासबुकात तो रकाना तपासा.

चिकोडी, निपाणीकडच्या साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांनी तर पेन्शनचे पैसे काढूच नयेत. वर्षात हंगामापुरतंच काम झालं तरी पेन्शनला ते पूर्ण वर्ष धरतात. दहा हंगाम भरले की हक्क लागू होतो.