घारापुरीला कॅमेरा घेऊन जाताना

सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं आधी लक्षात ठेवा. गेटवेहून सकाळची पहिली लाँच पकडा. तासाभराचा प्रवास आहे. धक्क्यापासून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून एकच लेन्स न्या. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ बॅगेतच राहू द्या.

मुख्य लेण्यात शिरल्या शिरल्या फोटो काढायला लागू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. सुमारे वीस फुटी सदाशिव, म्हणजे शिवाची तीन मुखं दाखवणारी मूर्ती, दक्षिणेच्या भिंतीत आहे, तिथे थेट ऊन पोचत नाही. पूर्व-पश्चिमेच्या मोकळ्या बाजूंनी येणारा उजेडच खरा. फ्लॅश अजिबात नको, त्याने दगड सपाट दिसतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ठेवा, खांबाला खांदा टेकवा, श्वास रोखून बटण दाबा. मी आधी डावीकडचं उग्र मुख, अघोर, टिपते: मिशी, हातातला नाग. मग उजवीकडचं सौम्य मुख, कमळ धरलेला वामदेव. मधल्या मुखाच्या मिटल्या पापण्यांखालची सावली मात्र कॅमेरा खाली ठेवून, डोळे भरून बघा.

परतताना लाँचच्या वरच्या मजल्यावर बसा. थंडीत कुरव पक्षी अगदी हाताशी येतात.