घरातून काम करताना विश्रांतीचा भोंगा कसा लावायचा

माझे बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मागावर होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी अडायचं नाही, कारण मिलचा भोंगा वाजायचा. भोंगा झाला की बाबा कामावर, भोंगा झाला की घरी. मी गेली अकरा वर्षं सुदामा नगरातून भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या मुलांना डबे देते, आणि माझ्या कामाला भोंगाच नव्हता. पहाटे साडेचारला कणीक मळायला घ्यायची, रात्री साडेदहाला धुतलेले डबे पालथे घालायचे, आणि मधे उरेल तो वेळ विश्रांतीचा. तो कधी उरला नाही.

डबे, शिवण, शिकवणी, पापड-कुरडया, जे काम घरात शिरलेलं आहे ते करणाऱ्या बायांसाठी हे लिहिते आहे.

आधी थकवा ओळखायचा कसा ते सांगते, कारण मला तो दोन वर्षं ओळखता आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाचा ताण सतत राहिला आणि त्यावर काही उपाय झाला नाही तर होणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि हातून काम नीट न होणं. माझ्याकडे तिन्ही होत्या. सकाळी उठतानाच पाय जड. मग एक दिवस वरणात दोनदा मीठ पडलं आणि बासष्ट डबे तसेच गेले. पण मला सगळ्यात लागलं ते मन विटणं. एक मुलगा दारात येऊन म्हणाला, "आंटी, एक रोटी एक्स्ट्रा मिलेगी?" आणि मी त्याच्यावर खेकसले. कोणाला कारलं चालत नाही, कोणाचा गुरुवारचा उपास, हे मला तोंडपाठ असायचं. त्या दिवशी मला त्या पोराचं नावसुद्धा आठवेना.

म्हणून पहिलं काम रक्ततपासणीचं. सगळा थकवा कामाचाच असतो असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ एवढं डॉक्टरांना विचारून बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं; बायकांचं १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे तेव्हा कळलं, चहाने लोह अंगी लागत नाही. मी तर दिवसाला सहा कप घेत होते.

दुसरं, एक आठवडा वहीत लिहा: पाठ टेकली कधी, किती वेळ. मेथी निवडत बसणं धरायचं नाही. हिशेब लिहिता लिहिता टीव्ही बघणंही नाही. माझ्या वहीत सात दिवसांत एक तास दहा मिनिटं भरली. ते पान मी नवऱ्याला दाखवलं. तोंडाने सांगून जे वर्षानुवर्षं पोहोचलं नव्हतं ते त्या पानाने पोहोचलं.

मग भोंगा. १९४८ च्या कारखाना कायद्यात मिलवाल्यांसाठी नियम होता की सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मधे निदान अर्धा तास सुटी द्यायची. बाबांना जे कायद्याने मिळत होतं ते मला घरात कोणी देणार नव्हतं, तेव्हा मी स्वतःच लावून घेतलं. दुपारचे डबे घेऊन पोरगा सव्वा वाजता निघतो. दीडला मोबाइलचा अलार्म वाजतो, सव्वादोनला दुसरा. त्या पाऊण तासात मी आतल्या खोलीत असते आणि मोबाइल बाहेर. झोप लागली तर वीस-पंचवीस मिनिटं पुरे. अर्ध्या तासाच्या पुढे गाढ झोपेत शिरतो माणूस आणि उठल्यावर डोकं जड होतं, तसंच दुपारी तीननंतर झोपलं तर रात्रीची जाते. झोप नाही लागली तरी उठायचं नाही. मी पाय भिंतीला वर लावून पडते. दिवसभर ओट्याशी उभं राहून पोटऱ्या ठणकतात, त्यांना याने फार बरं वाटतं. दुपारचा चहाही मी सोडला, कारण त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात राहतं.

पहिले पंधरा दिवस मी नुसती छताकडे बघत पडायचे आणि कानात कुकर वाजायचा. ते जातं. धीर धरा.

खरी अडचण माणसांची. दुपारी घरातली बाई पडलेली दिसली की कोणालाही तिच्याकडे काम निघतं. "जरा पडते" म्हटलं की कोणी मानत नाही, त्या "जरा"मुळेच मानत नाही. मी वाक्य बदललं: "दीड ते सव्वादोन मी कामावर नाही." शेजारणीला, गॅसवाल्याला, मुलीला, सगळ्यांना तेच एक वाक्य, कारण न देता. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. माझ्या सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. दिवसा झोपणाऱ्या घरात लक्ष्मी राहत नाही, असं त्या म्हणायच्या. मी उलट बोलले नाही, रिपोर्ट वाचून दाखवला. आता त्या वेळात दार त्याच उघडतात आणि "सून कामावर नाही" असं पाहुण्याला खणखणीत सांगतात.

पण नुसत्या पाऊण तासाने भागत नाही, काम कमी करावं लागतं, आणि इथे बहुतेक जणी मागे सरतात. माझा हिशेब उघडच मांडते. बासष्ट डबे होते, दोन वेळचे महिन्याला २,६०० रुपये. किराणा, भाजी, गॅस, पोचवणं, पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंचा पगार धरून एका डब्यामागे साधारण १,५०० जायचे. म्हणजे हातात ६८,२०० राहायचे. दर ३,००० केला. छातीत धडधडत होतं. चौदा मुलं गेली, अठ्ठेचाळीस राहिली. आता हातात ७२,००० राहतात आणि दोनशे अठ्ठेचाळीसच्या जागी एकशे ब्याण्णव पोळ्या एका वेळेला. तुमचा हिशेब असाच निघेल असं नाही, पण गिऱ्हाईक घालवायची भीती वाटते म्हणून तो मांडायचाच राहून जातो, तसं करू नका.

आठवड्याची भाजी ठरवून टाकली, सोमवारी कुठली, मंगळवारी कुठली. रात्री अंथरुणात पडून "उद्या काय" हा विचार करणंही कामच होतं. चोइथराम मंडीत रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा. गुरुवारी रात्री खिचडी-कढी, आणि मुलांना तीच जास्त आवडते.

आणि रविवार. आमच्या भागातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. मी गिऱ्हाईक जोडायला म्हणून ती चालू ठेवायची. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, तिच्यासाठी लढा दिला, आणि १८९० मध्ये ती मिळाली. ती मी स्वतःच्या हाताने टाकून दिली होती. सुटी सुरू करताना महिनाभर आधी सांगा, डब्यात चिठ्ठी टाका, आणि पहिल्या महिन्यात एकदाही मोडू नका. मोडली की ती सुटी तुमची मर्जी ठरते आणि मग दर रविवारी विनवण्या होतात. मुलं उपाशी राहत नाहीत, इंदुरात रात्री कोणी उपाशी राहतं का! रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झाँकी (सजवलेले चित्ररथ), हे दोन दिवसही मी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल करते. झाँकी बघताना बाबांच्या खांद्यावर बसायचे मी. मधली कितीतरी वर्षं पोळ्या लाटत नुसते ढोल ऐकले.

हे सगळं दीड-दोन महिने करूनही मन उठत नसेल, रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ती नुसती दमणूक नाही. डॉक्टरांकडे जा. मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायची सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट आहे.

एक गोष्ट माझ्याकडून उशिरा झाली. पोळ्या लाटायला येणाऱ्या ताई मी पडल्यावर भांडी घासत बसायच्या, त्यांनी लवकर आवरावं म्हणून मीच तसं लावलं होतं. आता दीडचा अलार्म दोघींचा आहे. त्यांच्यासाठी पंख्याखाली चटई असते. रविवार संध्याकाळचे पैसे त्यांच्या पगारातून कापत नाही, ते तीन हजारांच्या दरात आधीच धरलेले आहेत.